ओलं शे, हात नका लावू

निरोप आला तेव्हा मी माहेरी होते, चिपळूणच्या पुढे, जिथे फोन फक्त वाण्याच्या दुकानात. दुकानातला माणूस आवारातूनच हाक मारत आला, "जळगावचा फोन होता, तुमची अक्का गेली." माझी सख्खी अक्का नव्हे, नात्यातलीही नव्हे. जळगावातल्या पिंप्राळ्याची माझी शेजारीण. पण मी त्याची चूक दुरुस्त केली नाही, तशीच पायरीवर बसले. निरोपच उशिरा मिळाला, त्यात जळगाव इतकं लांब, की मी पोचले ती थेट तेराव्याला. दारात मांडव, आत पाट, पाटावर हार घातलेला फोटो आणि फोटोच्या शेजारी तिची ती वीतभर लांबीची गाडी. काळी-पिवळी टॅक्सी. चकचकीत, आत्ताच धुऊन पुसून ठेवल्यासारखी... मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. दीड महिना होत आला तरी तो उतरलेला नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी अक्कांवर चार शब्द लिहा म्हणून सांगणं आलं, तेव्हा वाटलं, आपण सातवीत शाळा सुटलेली बाई, काय लिहिणार? मग वाटलं, गोड लिहिणारे पुष्कळ येतील. गाडीचं कोण लिहील?

अक्कांचे यजमान, त्यांना सगळे आबा म्हणत, जळगाव-धुळे टॅक्सी चालवायचे. अॅम्बेसेडर, स्वतःची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्याच्या स्टँडवर गाडीत बसल्या जागी त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. कुणीतरी गाडी घरी आणून उभी केली. अक्का आत, भिंतीकडे तोंड करून, बायकांच्या घोळक्यात बसवलेल्या. त्या अवस्थेत त्यांना बाहेरून आवाज आला, बादलीचा. मग पाणी ओतल्याचा. आबांचे धाकटे भाऊ, नाना, गाडी धूत होते. गिऱ्हाईक बघायला येणार होतं. सुतक फिटायच्या आत गाडी धुतली आणि पुढच्या महिन्यात पांढरा रंग मारून विकलीसुद्धा. हे मला अक्कांनी कितीदा सांगितलं असेल, पण दर वेळी त्या एकाच वाक्याशी थांबायच्या. "माले इचारं बी नही." मला विचारलंसुद्धा नाही. गाडी विकल्याचं दुःख त्या कधी बोलल्या नाहीत. धुतल्याचं बोलायच्या.

मी लग्न होऊन पिंप्राळ्यात आले तेव्हा या गोष्टीला काही वर्षं लोटली होती. आमच्या दोघींच्या घराची भिंत एक. ह्यांची नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, पाळीची. ह्यांच्या गाडीला उशीर झाला की मी फाटकात उभी. इथली भाषा कळायची नाही, ऊन सोसायचं नाही, दुकानात काही मागायचं तर आधी मनात दोनदा म्हणून बघायची. एक दिवस ओट्यावरून आवाज आला, "कोकणी, उभं राहीसन गाडी लवकर येस का? आठे बस." मी घाबरतच जाऊन बसले. समोर पाटावर वर्तमानपत्र, त्यावर पत्र्याची खेळण्यातली गाडी, अर्धी निळी, अर्धी खरवडलेली. जत्रेतून आणलेली. दुकानदारानं म्हणे विचारलं, नातवाला का? तर ह्या म्हणाल्या, "नही, माले पाहिजे." माझ्या हातात पॉलिशपेपरचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "घास. निळं दिसाले नको."

आळीतल्या बायका हसायच्या. अक्कांना म्हातारपणी भातुकली सुचली म्हणायच्या. अक्का ऐकून घ्यायच्या आणि मग उलट टोला द्यायच्या, "तुन्हा नवरानी कधी मागी का भातुकली? मंग जाय, भाकरी टाक." मी हसू दाबून घासत बसायची. रंगाखालचं लाल अस्तर झालं, मग काळा ऑइलपेंट. तो एकदम जाड लावला की ओघळतो, आणि जळगावच्या उन्हाळ्यात ब्रश फिरतोय तोवरच सुकायला लागतो, रेघा तशाच राहतात. म्हणून सकाळी, भिंती तापायच्या आत, टर्पेंटाइननं पातळ करून एकच हात द्यायचा आणि थांबायचं. सुकेपर्यंत धूळ बसू नये म्हणून अक्का गाडीवर पितळेची परात उपडी घालायच्या. तेवढ्यात कुणी आत आलं, कुणाचं पोर हात पुढे करायला लागलं की एकच ओरड, "ओलं शे, हात नका लावू!"

चांदीच्या कागदाचे बंपर. दिव्यांना ब्लाउजवरचे आरसे. शर्टाच्या खोक्यातल्या पारदर्शक प्लास्टिकची काच. नंबरपट्टीची वेळ आली तेव्हा ब्रशचे दोनच केस ठेवून बाकीचे त्यांनी कात्रीनं उडवले आणि ब्रश माझ्यापुढे धरला. "तू सातवी शिकेल शे ना? मंग नंबर तूच टाक." त्यांना अक्षर येत नव्हतं. माझी शाळा सुटली ती आई आजारी, पाठची भावंडं लहान म्हणून. सासरी ती गोष्ट शक्यतो झाकून ठेवायची असते. आणि इथे ही बाई माझ्या सातवीला चक्क कामाला लावत होती... श्वास धरल्याशिवाय तेवढी बारीक रेघ येत नाही, आणि श्वास धरला की काळजी करता येत नाही. त्या दिवशी ह्यांना बराच उशीर झाला होता. मला कळलाच नाही. अक्कांनी ते मुद्दाम केलं होतं हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. माझं इथलं घर, माझी इथली भाषा, सगळं त्या ओट्यावर सुरू झालं. हे उपकार मी कुठे फेडू?

गाडी रंगवून झाली, पिवळं छप्पर झालं. मला वाटलं संपलं. अक्का म्हणाल्या, आता खरं काम. धुळ्याच्या रस्त्यावरची धूळ त्यांनी कुणाकडून तरी मागवली होती. ती मलमलीतून गाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि कापसाच्या बोळ्यानं गाडीला लावायला सुरुवात केली. मी ओरडले, "अक्का, घाण होतेय!" त्या म्हणाल्या, "त्या घर येत, तव्हय गाडी अशीच ऱ्हाये." ते घरी यायचे तेव्हा गाडी अशीच असायची. दाराच्या खालच्या बाजूला जास्त, छपरावर कमी, मागच्या चाकांच्या पाठी फटकारे. पोटाखालचा चिखल मात्र ऑइलपेंटमध्येच घोळून घट्ट थापलेला. इतके महिने परातीखाली जिला धुळीपासून जपलं, तिलाच आता ही बाई दाण्यादाण्यानं धूळ लावत होती.

आणि मग पुढची काच. आबांच्या गाडीचा एकच वायपर चालायचा, त्यांच्या बाजूचा. दुसरा करून घेतो, करून घेतो म्हणत राहिले. अक्का कधी धुळ्याला भावाकडे जायच्या तर पुढे आबांच्या शेजारी बसायच्या, आणि वाटेत पारोळा यायच्या आधी आबा गाडी थांबवून उतरायचे आणि अक्कांच्या समोरची काच तळहातानं पुसायचे. "त्या म्हनेत, तुले दिसाले पाहिजे ना." ते म्हणायचे, तुला दिसायला हवं ना. शेवटचं आबा एकटेच गेले होते, पण त्याच्या आधीच्या फेरीला अक्का बरोबर होत्या. घरी आणून उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर, धुळीत, त्या पुसण्याचा पंजा तसाच होता. अक्कांनी दारातून पाहिला होता. मग बादलीचा आवाज आला.

तो पंजा त्यांना काचेवर हवा होता. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, ओला करून, धुळीतून फिरवायचा. कधी फार गोल व्हायचा, कधी बोटांचे ओरखडे यायचे नाहीत. की काच पूर्ण पुसायची, पुन्हा धूळ, पुन्हा सुकवणं, पुन्हा काडी. एका बाजूला वायपरची कमान सहज साधली. पंजा साधेना. किती आठवडे गेले मी मोजले नाहीत. एक दिवस त्यांनी काडी खाली ठेवली, गाडी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि म्हणाल्या, "आते दिसस." आता दिसतंय. बस, इतकंच. मग परात उपडी घातली.

त्यानंतरही कुणी गाडीकडे हात नेला की त्या म्हणायच्या, ओलं शे. वर्षं गेली, रंग वाळून दगड झाला, तरी ओलं शे. सुनेला ओलं शे, नातवांना ओलं शे. आणि इथे मला अक्कांचाही राग येतो. का नाही सांगितलंत, अक्का? तुम्ही कुणालाही भीक न घालणारी बाई, मुलाला एकदा समोर बसवून का नाही म्हणालात की हा मळ नाही, हा तुझ्या बापाचा हात आहे? काय वाटलं तुम्हाला, तुम्ही कायम ओट्यावर असणार होतात ओरडायला?

तेराव्याच्या दिवशी दिलीप, त्यांचा मुलगा, मला पाहून पुढे आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "वहिनी, आईची गाडी बघितली का? इतकी वर्षं नुसती धूळ खात होती. म्हटलं फोटोशेजारी ठेवायची तर नीट दिसायला पाहिजे. सकाळपासून ओल्या फडक्यानं पुसत बसलो, कोपरान् कोपरा." खुर्चीवर नाना बसलेले, तेच नाना, आता काठी टेकून. ते म्हणाले, "बेस करं पोऱ्या. आते गाडीसारखी गाडी दिसस."

काच आरपार स्वच्छ होती. सगळीकडून सारखी स्वच्छ. त्यावरून कुणाचा हात फिरला होता हे आता कुणाच्या बापाला कळलं असतं?

"ती धूळ नव्हती," मी म्हटलं. "रंग होता. तुमच्या आईनं लावलेला."

"रंग कसा असेल, वहिनी? फडकं बघा ना, केवढं मळलं."

मी गाडी उचलली आणि उलटी केली. पोटाखालचा चिखल जागच्या जागी होता, ऑइलपेंटमध्ये घट्ट बसलेला. मी म्हणणार होते, बघा, हे बघा, याला काय म्हणाल? पण त्याआधीच दिलीप वाकून बघायला लागला आणि ओशाळून म्हणाला, "अरे, ही बाजू राहिलीच की!" आणि त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं.

दिलीप वाईट नाही. आईला शेवटपर्यंत सांभाळलं त्यानं, हातानं भरवलं. तो वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळी झाले असते. चांगली माणसं चांगल्या मनानं पाणी ओततात, तेव्हा कुणाचा हात धरायचा? एकाच घरात, एकाच माणसाची गाडी, दोनदा धुतली. दोन्ही वेळा त्या बाईला विचारलं नाही. पहिल्यांदा ती आत बसली होती, दुसऱ्यांदा फोटोत. मी गाडी छातीशी धरली आणि फडक्यासकट त्याचा हात बाजूला केला. आयुष्यात चारचौघांत मी पहिल्यांदा कुणाच्या वस्तूला हात घातला असेल... दिलीपच शेवटी म्हणाला, "घेऊन जा, वहिनी. आईची आठवण म्हणून."

ती गाडी आता माझ्याकडे, स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. उताणी, चाकं वर, चिखलाची बाजू वर. लोक सरळ करायला जातात, म्हणून मी माझी परात तिच्यावर उपडी घातली. पोळ्यांची कणीक हल्ली पातेल्यात मळते. काल समोरच्या घरची नवी सून आली, विरजण मागायला. बोलता बोलता तिचा हात परातीकडे गेला. "हे काय झाकलंय, काकू?"

मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकून मागे सरली.

"ओलं शे," मी म्हटलं. "हात नको लावू."