काचेची तार

मशीन कोकलायला लागलं तेव्हा मी उताणी पडले होते. छातीवर कातडी गार ठेवणारी पाण्याची पिशवी, तिच्यावर मशीनचं तोंड, पिशवीखाली कातडीचा ताप मोजणारी बारीक तार. पडद्यावर तिचा आकडा पंचेचाळीस. मला काहीच लागत नव्हतं.

"मावशी, भाजतंय का?" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"न्हाई. चालू द्या."

त्यांनी मशीन बंद केलं.

स्तन काढल्यावर दोन वर्षांनी त्याच जागी गाठ परत आली होती. किरणांच्या जोडीला गाठीला शेक दिला की किरणं जास्त लागू पडतात, असं पुण्याच्या दवाखान्यात सांगितलं होतं. पण कातडी भाजली तर शेक बंद, आणि गाठ वाढायला मोकळी. म्हणून मला थांबायचं नव्हतं.

सून दारातून डोकावली. "आत्या सांगायच्या न्हाईत, डॉक्टर. केडगावला गुऱ्हाळात चुलवाणाच्या जाळापुढं जन्म गेलाय त्यांचा. हात पोळला तरी घरी आल्यावर दाखवायच्या."

"मग मी यांना विचारतीयच कशाला?" डॉक्टरीणबाई शिरूरकडच्या, तोंडाच्या तिखट. "मावशी, इथं ह्या तारेचं ऐकायचं, तुमचं न्हाई."

त्यांनी पिशवी उचलली. ती एका अंगाला सरकली होती आणि उघड्या पडलेल्या जागी कातडी लाल झाली होती. फोड नव्हता. मी बोट दाबून पाहिलं, तर दुसऱ्याचंच अंग दाबल्यासारखं वाटलं. ऑपरेशनपासून ती जागा बधिर होती. मी खोटं बोलले नव्हते. लागलं असतं तरी सांगितलं नसतं, ते वेगळं.

तार शिवणाच्या दोऱ्याएवढी, चिकटपट्टीनं लावलेली. साधा तापमापक का नाही, मी विचारलं.

"धातू असला तर मशीननं तोच तापतो, आकडा खोटा येतो. ही काच हाय. आतून उजेड जातो, टोकाचा कण चमकतो आन् विझतो. जेवढं गरम, तेवढा लवकर विझतो. त्यावरनं आकडा कळतो."

वाकणारी काच मला पटेना. त्यांनी तारेचं टोक माझ्या मुठीत दिलं. आकडा चौतीसवर थांबला. मूठ उघडून फुंकर मारली, खाली आला. पुन्हा धरलं, चढला. पुन्हा फुंकर मारली.

"मावशी, खेळणं न्हाई ते."

लाली उतरल्यावर पिशवी नीट बसवून मशीन लावलं. मी मान वाकडी करून आकडाच बघत राहिले. बेचाळीसच्या पुढं गेला नाही. उरलेले सगळे शेक झाले. गाठ विरली. त्याला तीन वर्षं झाली. मी जिवंत आहे.