रिपोर्टातलं ‘नाही’

“टीबी नाही. व्हायरल लोड ‘नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रक्तात एचआयव्ही मोजण्याइतकाही नाही,” पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं. “तरी खोकला, थकवा, अंगात सूज. हे इम्यून ॲक्टिव्हेशन असावं, म्हणजे शरीराची लढाऊ यंत्रणा सतत चालू.”

माझ्या नवऱ्याने, सुधाकरने, त्यातलं फक्त ‘नाही’ ऐकलं.

सरावलीला घरी येतोय तोच धाकटा दीर टपकला. हे महाशय कसलीतरी पावडर विकतात. “नाय म्हंजे आजार गेला! गोळ्या कशाला? पावर वाढव, पावर!” आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हा एकच उतारा. अकलेची पावर वाढवायचं मात्र कुणाला सुचत नाही.

आणि आमच्या शहाण्याने खरंच त्या रात्री एचआयव्हीची रोजची गोळी घेतली नाही. मी त्याला हाताला धरून परत पालघरला नेलं.

डॉक्टर म्हणाले, “गोळ्यांनी विषाणू दबतो, मरत नाही. तो लपून राहतो, म्हणून लढणाऱ्या पेशी सतत जाग्या. त्यात यांच्या कारखान्याचा धूर त्यांना आणखी डिवचत असणार. यांची पावर कमी नाही, उगाच चालू आहे. गोळ्या सोडल्या तर जीवावर बेतेल.”

मला समजलं. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून घसा बसलेलं कुत्रं चोर आल्यावर काय कपाळ भुंकणार?

सुधाकर तारापूरला रंगाच्या कारखान्यात. वासाची तक्रार केली की सुपरवायझर म्हणतो, “सवय होईल.” स्वतः मेला काचेच्या केबिनमध्ये एसी लावून बसतो! तपासणीचे साहेब आले की चिमणी सोवळी होते, त्यांची गाडी वळली की हिचा शिमगा सुरू. सुधाकरला रंग वाळवायच्या ड्रायरवरून हलवायला मला गेटवर तमाशा करावा लागला. केला.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला, तर ‘नाही’ म्हणजे काय नाही, ते आधी विचारा. आणि पावडरवाल्याला उंबऱ्याबाहेर ठेवा.

आमचा तरी पुन्हा आलाच, नवं पाकीट घेऊन. “अरे दादा, रिपोर्टात नाय ना दिसत?”

सुधाकरने पाकीट त्याच्याच पुढ्यात सारलं. मग म्हणाला, “मागे मी दवाखान्यात पडलो होतो, तवा तूपण नाय दिसलास. म्हणून काय मेला होतास?”

दीर पाकीट उचलून चालता झाला. सुधाकरने माझ्याकडे पाणी मागितलं आणि गोळी स्वतःच्या हाताने तोंडात टाकली.