गोदामातली तुटकी वायर

भुताखेतांबद्दल माझं मत सोपं होतं — ज्या घरची वायरिंग खराब, त्या घरात भुतं जास्त. हिंगोलीत दुकानांना, ऑफिसांना नेटवर्क जोडून देणं हा माझा धंदा, तेव्हा हे मत अनुभवातून आलेलं...

वसमतला हळदीच्या एका आडत दुकानाचं काम निघालं. सौद्याआधीच आपला भाव बाहेर फुटतो, असा शेठजींना संशय. संशय कोणावर? कम्प्युटर सांभाळणाऱ्या सुनीतावर. सेनगावकडच्या तांड्यावरची मुलगी. एकदा चोर ठरली, की वसमतच्या कुठल्याच आडतीत तिला कोणी उभं केलं नसतं.

मी राउटरच्या मागे फायरवॉल बसवली. म्हणजे इंटरनेट आधी राउटरमध्ये, तिथून या डबीत आणि मगच दुकानात. आतून कोण कुठे डोकावतं, ते डबी सांगते. शेठजींनी तिचंही उद्घाटन केलं! फीत, नारळ, मला शाल. नव्या मशीनला हळद लागलीच पाहिजे, असा तिथला रिवाज. ती त्यांनी इतकी ओली फासली, की डबी बोहल्यावर चढायचीच बाकी राहिली.

दुपारी माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसलं — दुकानातलं काहीतरी बाहेरच्या एकाच पत्त्याला सारख्या हाका मारतंय. तिकडून उत्तर नाही.

"बघा! काय करून राहिली गं पोरी तू?" शेठजी.

"माझं कम्प्युटर काढून टाका की मालक, मंग बोला," सुनीता म्हणाली. "काहून उगं बदनाम करता?"

काढलं. हाका चालूच.

"फोनवरून करत असंल," शेठजी.

मग वायफाय, कॅमेरे, दुकानातली सगळी मशीनं बंद केली. तरीही डबीवर एका वायरीचा दिवा लुकलुकत होता. ती वायर भिंतीतून मागच्या गोदामात जात होती. आम्ही तिघं तिच्या मागे गेलो. पोत्यांच्या आड तिचं टोक लोंबत होतं... उंदरांनी कुरतडलेलं, कशालाच न जोडलेलं.

वायर उपसली, हाका थांबल्या. लावली, सुरू.

माझा पहिला संशय ओल्या हळदीवर. बॅगेतली दुसरी, कोरडी डबी लावली. तेच. वायर हातानं चाचपत भिंतीच्या दोन्ही बाजू तपासल्या. कुठे सांधा नाही. मग मी सुनीताकडे पाहिलं.

"सर, तुमी बी?" ती म्हणाली. मी मान खाली घातली.

शेठजी दोन पावलं मागे सरकले. "गोदामात कोन हाय मंग?"

"कोणी नाही."

"म्हंजे हे पोरीचं काम न्हाई?"

"नाही."

त्यांनी गोदामाकडे हात जोडले आणि सुनीताला म्हणाले, "बस बाई, कामाला लाग."

वायर त्यांनी त्याच दिवशी जाळून टाकली, त्यामुळे पुढची तपासणीही राहिली. जाणकारांना विचारलं, ते म्हणतात, तुटक्या वायरीवर दिवा लागूच शकत नाही. मीही लोकांना हेच सांगत आलोय. पण सुनीताचं कम्प्युटर काढून दाखवलं, तेव्हा तिचा दोष नाही हे शेठजींना पटलं नव्हतं. ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्यानंच तिची नोकरी वाचवली... आणि मी "कोणी नाही" म्हणालो तेव्हा शेठजी त्याचा अर्थ भूत असाच घेतील, हे मला माहीत होतं.