वालाची परात

पाहुणे येणार म्हणून धावपळ करणाऱ्यांचा आईला राग यायचा. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी आत्या, मावशी, शेजारच्या काकू जमल्या की ती चटई अंथरायची, मधे मोड आलेल्या वालाची परात ठेवायची आणि म्हणायची, "घ्या गं सोलायला." टीव्ही संध्याकाळच्या सिनेमापुरताच. बोटांतून सालं निसटत राहायची, पंखा हळूहळू फिरायचा, उसळीची कोणालाच घाई नसायची. त्या गप्पा ऐकत मी तिथेच लवंडून झोपेत बुडायचे.

एका रविवारी नव्या वहिनीने, पाहुण्यांना कशाला त्रास म्हणून, पहाटेच सगळे वाल सोलून ठेवले. आईने कपाळावर हात मारला. "वाट लावलीस! आता त्या बसून करतील काय?"

खरंच, सगळ्या कॉटवर ताठ बसल्या. "उकडतंय ना," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.

मग आईने डब्यातले निवडून ठेवलेले तांदूळ परातीत ओतले. "जरा खडे बघा गं."

एकेक जण चटईवर उतरली. दुपार कलली तरी बोटं आणि गप्पा चालूच होत्या.

निघताना आत्या समाधानाने म्हणाली, "बरं झालं आम्ही आलो. केवढं काम झालं तुझं!"