नत्थूजींची मोबाईलवरची तर्री

यंदा होळीनंतर नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका गल्लीत बातमी फिरत होती की कांडपवाले नत्थूजी करणी करतात. तीही मोबाईलवरून. भर दुपारी मशीन बंद करून पोत्यावर बसतात आणि पुटपुटतात, "मानूस घेतला. आगीत टाकला. राख झाली. आता राखेत जीव टाकून पाहू." मग थोड्या वेळानं खूश होऊन म्हणतात, "भूत बनलं बा!" हे दोन बायकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिसरीनं ऐकलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त तपशील तिच्याकडेच होते. तिच्या मते ते भूत मसाल्यात कांडलं जातं, म्हणूनच नत्थूजींचा मसाला एकदा खाल्लेलं घर पुन्हा दुसरीकडं जात नाही.

खरं इतकंच, की नत्थूजी गेम खेळत होते. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, श्वेतानं, दिवाळीत त्यांच्या फोनमध्ये तो टाकून दिला होता. बाबा रोज पहाटे सूर्योदयाचे अकरा फोटो पाठवतात, ते तरी थांबतील, या आशेनं. गेम साधा. सुरुवातीला चार चौकोन असतात, पाणी, आग, माती आणि हवा. एक बोटानं सरकवून दुसऱ्यावर टाकायचा, की तिसरं काहीतरी बनतं. माती आणि पाण्याचा चिखल, चिखल आणि आगीची वीट. असं करत करत माणूस बनतो, घर बनतं, चंद्र बनतो, आणि एखाद्या दुपारी भूतही बनतं.

राहिला प्रश्न बातमी पसरली कशी. तर ती करिष्मानं पसरवली. करिष्मा म्हणजे समोरच्या इमारतीतली अकरावीतली मुलगी. तिला कुणाचाही आवाज एकदा ऐकला की काढता येतो, आणि आला की काढल्याशिवाय राहवत नाही. हे लिहिणारी तीच. पण गोष्ट नत्थूजींची आहे, म्हणून ती इथं करिष्माच राहील. तिच्याविषयी वाईट लिहायलाही मग जरा मोकळीक राहते.

नत्थूजींचा आवाज काढणं तसं फार सोपं. ते दिवसभरात दोनच शब्द बोलतात, "सुकं का?" पंचेचाळीस वर्षं मिरची आणि मसाला कांडणाऱ्या माणसाला जगाकडून दुसरं काही जाणून घ्यायचं नसतं. भिवापूरची मिरची घेऊन कोणी आलं, की पिशवीत हात घालायच्या आधी, "सुकं का?" धने आणले, "सुकं का?" एकदा एक जण मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. नत्थूजींनी पत्रिकेकडं पाहिलं, पाहुण्याच्या घामेजल्या हाताकडं पाहिलं, आणि तेच विचारलं.

कारण कांडपाला पाणी म्हणजे वैरी. एक ओला हात लागला तर दहा किलो तिखटाला आठवड्यात बुरशी. दारावर पाटी आहे, ‘ओल्या हातानं आत येऊ नये.’ केस धुऊन आलेल्या बाईला ते पायरीवर थांबवतात. पिण्याच्या पाण्याचा माठसुद्धा दुकानात नाही. नागपूरच्या चव्वेचाळीस डिग्रीत तहान लागली, तर मागच्या दारानं घरात जायचं, प्यायचं, हात पुसायचा, मग परत यायचं. फोन ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात आणि पिशवीवरूनच बोट फिरवतात. तरी त्यात तिखट गेलंच आहे. तो फोन कानाला लावून कोणीही, कोणाशीही बोलो, शेवटी रडतंच.

आणि एक आहे डबा. पितळेचा, वीतभर उंचीचा. गिऱ्हाइकाचा मसाला कांडून होत आला, की नत्थूजी सगळ्यांकडं पाठ करतात, डब्यातली एक चिमूट मशीनच्या उखळात टाकतात आणि झाकण घट्ट लावतात. त्या चिमटीत काय आहे ते त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, आणि त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. श्वेताला नाही. बायकोला, रुखमाबाईंनाही नाही. गल्लीतल्या अर्ध्या बायका त्या पाठीकडं बघत म्हाताऱ्या झाल्या.

तर भुताची बातमी पसरल्यावर एका सोमवारी नत्थूजींनी करिष्माला हाक मारली. ती आईचे धने घेऊन आली होती.

"काहून वं पोट्टी, म्या भूत कांडून राहिलो मसाल्यात?"

"मी फक्त तुमचा आवाज काढला काकाजी. भूत मसाल्यात तिसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी टाकलं."

"दोन गिऱ्हाइकं गेली माही. ऐन सीझनमधी."

"मी सांगते ना सगळ्यांना, की गेम होता म्हणून."

"तुह्यावर कोन भरोसा ठेवीन? तू तेही माह्याच आवाजात सांगशील."

चाळणी धरून बसलेल्या रुखमाबाई हसल्या. करिष्माला जरा लागलं, कारण ते खरं होतं. खरं लागलं की तिला खोडी सुचते. तिनं आपला फोन काढला. तोच गेम तिच्याकडंही होता.

"काकाजी, यात तर्री बनते, माहीत आहे?"

नत्थूजींनी धन्यांच्या पिशवीतला हात थांबवला. तर्री म्हणजे नागपूरच्या पोह्यांवर पडणारा तो लालभडक, तेलाचा तवंग आलेला रस्सा. त्याच्याशिवाय इथं पोह्याला पोहे म्हणत नाहीत.

"तर्री? कोनाच्या तिखटाची?"

"गेममधल्या."

"त्याले का रंग येनार हाय!"

"मी वीस मिनिटांत बनवली. तुमच्याच्यानं नाही व्हायची."

"पंचेचाळीस वर्षं झाली मले मसाला कांडता कांडता," नत्थूजी म्हणाले. हे त्यांचं त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं वाक्य होतं. "अन् मले तर्री नाई बननार?"

"लावा पैज. रविवारी शटर पडायच्या आत. कोणाला विचारायचं नाही."

"काय लावू?"

करिष्मानं फळीवर पाहिलं. "डबा."

रुखमाबाईंची चाळणी थांबली. नत्थूजींनी डब्याकडं पाहिलं, रिकाम्या बाकाकडं पाहिलं. त्या बाकावर एरवी एप्रिलमध्ये पाच पिशव्या रांगेत असायच्या.

"लावला," ते म्हणाले. "अन् तू हरली, तं सारं लिहून देशील. म्या काय करतो, काय नाई. कागदावर, पूर्न. इथं भिताडावर लावीन. अन् वाचून दाखवशील गिऱ्हाइकायले. तुह्या आवाजात."

"अवो," रुखमाबाई म्हणाल्या, "मामंजीनं मरेस्तोवर मले सांगतलं नाई त्यात काय हाय ते, अन् तुमी गेमवर लावून राहिले?"

"जिंकतो मी."

"हाव. जिंकसान."

करिष्मा धने तिथंच विसरून उड्या मारत घरी गेली. ती मुळीच साधी पैज लावत नव्हती. तिची तर्री अशी बनली होती, तिखटात तेल टाकलं की फोडणी, आणि फोडणीत पाणी टाकलं की तर्री. पाणी! तिला पक्कं ठाऊक होतं, नत्थूजी तिखटावर पाणी घालणार नाहीत. मेले तरी.

पहिल्याच संध्याकाळी नत्थूजींनी तिखटापर्यंत मजल मारली. मातीत बी, त्यावर पाऊस, त्यातून रोप, रोपाला मिरची. झाडावर आहे तोवर पाण्याला त्यांची हरकत नव्हती, ते शेतकऱ्याचं काम. एकदा मिरची तोडली की मात्र पाणी बंद. तिला उन्हात टाकली, वाळवली, मग वर दगड टाकला, तेव्हा चौकोनात लाल ढीग आला. तो त्यांनी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्लास्टिकमधून दाखवला. "रंग पाहा. बरा हाय."

मंगळवारी तेल सापडलं आणि फोडणी झाली. आता एकच पायरी उरली, आणि करिष्मा रोज कॉलेज सुटल्यावर पायरीवर येऊन बसू लागली. फोडणीवर आग टाकली, करपलं. फोडणीवर माणूस टाकला, ठसका. फोडणीवर पोहे टाकले, तर कोरडे पिवळे पोहे आले. ते बघून नत्थूजींच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, जशी पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं साखर मागितल्यावर येते. बुधवारी त्यांनी चंद्र टाकून पाहिला. गुरुवारी रेल्वे. शुक्रवारी भूतसुद्धा टाकलं, आणि तेव्हा बाकावर बसलेल्या एका बाईनं आपली पिशवी हळूच मांडीवर ओढून घेतली.

पाण्याचा चौकोन पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसापासून निळाशार बसला होता. नत्थूजींचं बोट फोडणी घेऊन तिथवर यायचं आणि डबक्याला वळसा घालावा तसं बाजूनं निघून जायचं. रश्शात पाणी असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दोन वेळा रस्सा ओरपणारा माणूस तो. पण डोक्याला जे ठाऊक होतं ते बोटापर्यंत पोचत नव्हतं. मध्ये पंचेचाळीस वर्षं आडवी पडली होती.

"मी सांगू का?" शनिवारी रुखमाबाईंनी विचारलं.

"नाई. पैज हाय."

"बरं. मंग डब्याले शेवटचा नमस्कार करून घ्या."

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. रुखमाबाईंनी दुसऱ्या दिवशी करिष्माला सांगितलं, की ताटातल्या रश्शाकडं ते बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "हे तुमी लोक कसं करता?" रुखमाबाईंनी नुसती पोळी वाढली. पैज म्हणजे पैज.

रविवारी सकाळी गल्लीनं एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली. कांडप केंद्राचं शटर साडेसातला उघडून आठला पुन्हा बंद झालं. नत्थूजी धुतलेला सदरा घालून चौकाकडं निघाले.

चौकात मनोहररावांचा पोह्यांचा ठेला आहे. वीस वर्षांपासून मनोहरराव दर आठवड्याला पाच किलो मसाला नत्थूजींकडून नेतात. पण नत्थूजी तिथं कधी गेले नव्हते. ठेला सकाळी सहा ते दहा, आणि मसाला भाजायची वेळ तीच. आपला मसाला दुकानाबाहेर गेल्यावर त्याचं पुढं काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

करिष्मा तिथं बाकड्यावर पोहे खात बसली होती. वहीचं एक कोरं पान तिनं काढूनच ठेवलं होतं. वर शीर्षकही लिहिलं होतं, ‘डबा.’

"या काकाजी!" मनोहररावांनी हात पुसला. "आज कसं काय?"

"पाहाले आलो. तू करत जा तुह्यं."

मनोहररावांनी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तेल सोडलं. कांदा परतला, आलं-लसूण आणि उकडलेले काळे चणे टाकले. मग नत्थूजींचा मसाला, दोन ओंजळी. तेल लाल झालं, कडेनं सुटू लागलं, आणि सबंध चौकाला ठसका लागला. एक नत्थूजी सोडून. ते गंजात असे वाकून पाहत होते जसं कोणी नातवाच्या पाळण्यात पाहावं. तेलात रंग उतरला होता. मनासारखा.

मनोहररावांनी बाजूचा गरम पाण्याचा लोटा उचलला.

"अबे!" नत्थूजींनी त्यांचं मनगट धरलं. "पानी!"

बाकड्यावरची माणसं थांबली. करिष्मानं प्लेट खाली ठेवली.

"मंग?" मनोहरराव म्हणाले.

"त्याच्यावर पानी टाकून राहिला का तू? वीस वर्षांपासून?"

"नाई टाकू तं का भुकटी वाढू लोकायले, काकाजी?"

नत्थूजींनी हात सोडला, पण लगेच नाही. मनोहररावांनी लोटा वाकडा केला. छर्रर्र झालं. नत्थूजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गंजात तर्री होती. वर तवंग तरंगत होता, आणि खालून काळे चणे एकेक करून वर येत होते.

त्यांनी पोहे घेतले, वर तर्री घेतली. मग आणखी तर्री घेतली. तिसऱ्यांदा प्लेट पुढं केली तेव्हा मनोहरराव म्हणाले, "पोहे तं संपले तुमचे." "असू दे. हेच वाढ." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला उभ्या जन्मात स्वतःच्या तिखटाची शिंक आली नाही, त्या माणसाच्या. ठसका असेल, असं मनोहररावांनी सगळ्यांना सांगितलं.

मग त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. करिष्मा टुणकन उठली.

"काकाजी, शटर बंद आहे तुमचं! पैज शटर पडायच्या आत होती!"

"ते तं म्या नाश्त्याले पाडलं. वकील होशील तू." त्यांनी हात सदऱ्याला पुसले, पुढून, मागून, पुन्हा पुढून. फोन उघडला. एका बाजूला फोडणी ठेवली. मग बोट कोपऱ्यातल्या निळ्या चौकोनावर आणलं आणि तिथंच थांबवलं. एवढा वेळ, की मनोहररावही झारा हातात धरून वाकले. करिष्मा मनातल्या मनात म्हणत होती, नका टाकू, नका टाकू.

बोट सरकलं.

चौकोनात लाल वाटी आली. खाली नाव, ‘तर्री.’

नत्थूजींनी ती मनोहररावांना दाखवली, बाकड्यावरच्यांना दाखवली, तिथं चहा घ्यायला थांबलेल्या एका अनोळखी ऑटोवाल्याला दाखवली. सगळ्यात शेवटी करिष्माला. "रंग पाहा," ते म्हणाले. "तुह्याहून बरा हाय."

करिष्मानं ‘डबा’ लिहिलेलं पान वहीत परत सरकवलं. त्याच पानाच्या मागं तिनं हे सगळं लिहायला घेतलं, ते पान पुरलं नाही, आणखी चार लागली. आज बाकावर सहा पिशव्या आहेत, त्यातल्या दोन परत आलेल्या. तिसऱ्या माळ्यावरच्या काकूही आल्या आहेत. रुखमाबाईंनी खिळा ठोकून ठेवला आहे. नत्थूजींनी मघाशी एका मसाल्यात चिमूट टाकली, सगळ्यांकडं पाठ करून.

वाचायच्या आधी त्यांनी कागद हातात घेतले आणि शाईवर अंगठा टेकवून पाहिला.

"सुकं का?"

"हाव, काकाजी," करिष्मा म्हणाली, तिच्याच आवाजात.

ऐका तर मंडळी. मी पैज हरले आहे. नत्थूजी करणी करत नाहीत. आणि डब्यात काय आहे, ते मला माहीत नाही.