कार्मिनने टेकलेला गुडघा

“बायकांना शिकवत नाही मी,” हरेश्वर सर म्हणाले. “शिवणाचा क्लास मागच्या गल्लीत आहे.”

शाळेच्या हॉलमधली पोरं खिदळली. कार्मिन दारातून हलली नाही.

भुईगावच्या बर्नार्डची ही थोरली. वय एकतीस, अंगात धाकट्या पास्कलचा पायजमा, आवाज असा की वाडीच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाचे कावळे उडावेत. महिनाभरापूर्वी वालीवच्या कारखान्यातून सुटून येताना वाटेत एका माणसाने तिचं मनगट धरलं. तिने जेवणाचा डबा त्याच्या थोबाडावर हाणला आणि पळाली. घरी बापाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “उद्यापासून कामावर जायचं नाही.” आठ दिवस भांडून तिने एवढं कबूल करून घेतलं की ती कराटे शिकेल. क्लासमध्ये घेतलं तर नोकरी, नाहीतर केळीची बाग आणि चूल.

“फी आणलीय,” ती म्हणाली. “दारावरच्या कागदावर लिहिलंय ‘सर्वांसाठी’. मी सर्वांत नाही?”

सरांनी दारावरच्या कागदाकडे पाहिलं. “या आत. पण आधी नमस्कार.”

समोरच्या भिंतीवर एका जपानी म्हाताऱ्याची तसबीर होती. आत येताना हात मांड्यांना लावून तिच्यासमोर कमरेत वाकायचं, असा नियम. पण रविवारची सकाळ, कार्मिन थेट चर्चमधल्या मिस्साहून आलेली. समोर तसबीर, वर दिवा, पायाखाली फरशी. तिचा उजवा गुडघा आपोआप जमिनीला टेकला आणि क्रुसाची खूण करायला हात कपाळाकडे गेला.

हॉलमध्ये हशा फुटला.

“कार्मिन बाय, मेणबत्ती आणलीस का?” तिच्याच गावचा फ्रेडरिक ओरडला.

“थट्टा करता?” सर जवळ आले. “आमच्या गुरूंची?”

“चुकून झालं, सर.”

“चुकून! ठीक. सगळे पवित्र्यात! पाय फाकवा, गुडघे वाका, मुठी कमरेला. मी म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि बाई, तुम्ही हललात तर तोच दरवाजा.”

ती उभी राहिली. अदृश्य घोड्यावर बसल्यासारखी. थोड्या वेळात मांड्या थरथरू लागल्या. घाम भुवयांतून डोळ्यांत आला. आणि तिला घरची संध्याकाळ आठवली. रोझरीच्या, म्हणजे माळेच्या प्रार्थनेच्या वेळी बाप सगळ्यांना गुडघ्यांवर बसवायचा आणि कुणी चुळबूळ केली की ते दशक पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हटलं की एक दशक, मग दुसरं, अशी पाच. ती ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. कमरेला धरलेल्या मुठीत एकेक बोट दाबत मोजत राहिली.

दुसऱ्या दशकात मागे कुणीतरी धपकन बसलं. तिसऱ्यात आणखी तिघे.

“काय पुटपुटताय?” सर तिच्या कानाशी.

तिने पुढचं बोट दाबलं.

“जा ना घरी. कशाला जीव काढताय?”

चौथ्यात फ्रेडरिक विव्हळला, “आई गं!” आणि भिंतीला टेकला. आता कुणी हसत नव्हतं. सरांनी घड्याळ पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ.

“बास. सुटा.”

कार्मिन वाकलेलीच.

“बास म्हटलं ना! ऐकू येत नाही?”

“थांबा. दोन राहिल्यात.”

शेवटच्या दोन नमो मरिया म्हणून झाल्या तेव्हा ती सरळ झाली. पाय लाकडाचे झाले होते. तिने पायजम्याची नाडी आवळली.

“वहीत नाव लिहा,” सर कुणाकडेच न बघता म्हणाले. “उद्या सकाळी सहाला या. पण ऐकून ठेवा, सरावात तुमच्याशी जोडीला इथलं कुणी उभं राहणार नाही.”

तिने हॉलभर नजर फिरवली. सगळे खाली बघत होते.

“मग तुम्ही राहा, सर.”

दाराशी ती थांबली, तसबिरीकडे वळली आणि या वेळी कमरेत वाकली. घरी पोहोचली तर बाप ओट्यावर वाट बघत बसलेला.

“हाकललं ना?”

“डबा घासलाय का आईने?” ती खांबाला धरून चप्पल काढत म्हणाली. “उद्या क्लासवरून सरळ वालीव.”