शेटजींची सायकल आणि आमची मसणवाट

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. परतूर ठेसनामागं जिनिंगवाल्या शेटजी नवी वस्ती वसवून राह्यलेत. पाटी सरकारी उर्दूत, झोकदार; घरं मात्र खुराड्यासारखी एकमेकाला खेटून. आमच्या आळीची जुनी मसणवाट त्यातल्याच एका बोळात कोंबली.

"वाट लई अरुंद झाली," आम्ही म्हणालो, तर शेटजींनी बोळातून सायकल चालवून दाखवली. "बघा, बराबर जाते!"

काय ही अक्कल! मंग आमचे म्हातारे काका मढ्याचं सोंग घेऊन बाजेवर आडवे झाले. आम्ही चौघांनी बाज खांद्यावर घेतली अन् पहिल्याच वळणावर दोन भिंतींत अडकलो.

काकांनी पडल्या पडल्या विचारलं, "शेटजी, आता?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू," म्हणून गडी सायकलीवर पसार.

सांगा मंडळी, आमची मढी आता सायकलीवर न्यायची का?